खोक्यावर ३२००, पडद्यावर २६६६: रॅमच्या वेगाची पार्श्वभूमी

पाच-सहा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप ८ जीबीवर रखडू लागतो. दुकानात रॅम मागितली की काउंटरवर दोन-तीन खोकी येतात: २६६६, ३२००, ३६००. हात साहजिकच मोठ्या आकड्याकडे जातो. घरी येऊन स्टिक बसवली, टास्क मॅनेजर उघडला, की तिथे २६६६ दिसते. कधी २४००, कधी चक्क २१३३. दुकानदाराने फसवले, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण बहुतेक वेळा त्याचा दोष नसतो. खोक्यावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा यांच्यात ही दरी पडायला पंचवीस वर्षे लागली आणि ती पाडणारे काही निर्णय तांत्रिक कमी, व्यापारी जास्त होते.

सुरुवातीला सगळे सरळ होते. १९९८च्या सुमारास पीसी१०० नावाची रॅम आली, म्हणजे घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे. नंतर पीसी१३३ आली, म्हणजे १३३. घड्याळाच्या एका ठोक्याला एकदा डेटा जायचा आणि स्टिकरवर तोच आकडा असायचा.

२००० साली डीडीआरचे (डबल डेटा रेट) मानक आले आणि एका ठोक्यात दोनदा डेटा जाऊ लागला, ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा. त्याच काळात बाजारात एक प्रतिस्पर्धी होता, रॅम्बसची आरडीरॅम. अरुंद, १६ बिटांच्या मार्गिकेवर भरधाव धावणारी ही मेमरी ‘पीसी८००’ या नावाने विकली जायची. प्रोसेसरच्या बाजारातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने, इंटेलने, पेंटियम ४ सोबत आधी तिलाच पसंती दिली. आता ६४ बिटांच्या नव्या डीडीआरला जुन्या पद्धतीने ‘पीसी२००’ म्हटले असते तर ती ८००पुढे केविलवाणी दिसली असती. प्रत्यक्षात दोन्हींची एका मॉड्यूलची क्षमता सारखीच होती, सेकंदाला १६०० मेगाबाइट. मग मोजमापच बदलले. डीडीआरच्या मॉड्यूलवर ठोक्यांऐवजी थेट क्षमता लिहायला सुरुवात झाली: पीसी१६००, पीसी२१००, पीसी२७००, पीसी३२००. यातले २१०० आणि २७०० हे आकडेही गोळाबेरीज. नेमका गुणाकार २१३३ आणि २६६७ येतो. ८००समोर १६०० उभे राहिले आणि महागडा प्रतिस्पर्धी काही वर्षांत डेस्कटॉपमधून बाहेर पडला. तो पडला मुख्यतः किमतीमुळे, पण नावांच्या या खेळाचा वारसा मागे राहिला. आजही ‘३२००’ म्हटल्यावर जुना माणूस डीडीआर-४०० समजू शकतो आणि नवा माणूस डीडीआर४-३२००. दोघेही बरोबर असतात.

खरा गुंता मात्र ‘मेगाहर्ट्झ’ या शब्दाचा. हा शब्द डीडीआर आल्याच्या दिवसापासून चुकीचा वापरला जातो आहे. डीडीआर-४००चे घड्याळ २०० मेगाहर्ट्झचे होते. डीडीआर४-३२००चे १६०० मेगाहर्ट्झचे आहे. ३२०० ही सेकंदाला होणाऱ्या फेऱ्यांची, म्हणजे ट्रान्सफरची संख्या आहे, दशलक्षांत मोजलेली. तिचे एकक मेगाट्रान्सफर. मानकाच्या कागदपत्रांत नुसते ‘डीडीआर४-३२००’ असते, आकड्यापुढे मेगाहर्ट्झ नसते. ते चिकटवले विक्रेत्यांनी, छापले मासिकांनी आणि पाठ केले आपण. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन ‘बत्तीसशे मेगाट्रान्सफरची द्या’ म्हणून पाहा. त्यामुळे सीपीयू-झेड हे हार्डवेअरची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी धक्का बसतो, कारण ते खरे घड्याळ दाखवते. ३२००ची रॅम तिथे १६०० दिसते आणि ‘माझी रॅम अर्ध्या वेगाने चालते आहे’ अशी तक्रार तयार होते. विंडोजचा टास्क मॅनेजरही वर्षानुवर्षे मेगाहर्ट्झच लिहायचा. विंडोज ११मध्ये ती चूक २०२४ साली दुरुस्त झाली आणि ‘एमटी/एस’ (सेकंदाला मेगाट्रान्सफर) आले. चोवीस वर्षांनी.

शब्दाच्या या चुकीने एक गैरसमज पक्का केला: आकडा दुप्पट म्हणजे रॅम दुप्पट चपळ. चिपच्या पोटात डोकावले तर वेगळेच दिसते. डीडीआर-४००, डीडीआर२-८०० आणि डीडीआर३-१६०० या तिन्हींमध्ये डेटा साठवणारा आतला भाग २०० मेगाहर्ट्झनेच चालतो. फरक इतकाच, की पहिली एका वेळी दोन घास उचलते, दुसरी चार, तिसरी आठ. दारातली गर्दी वेगाने सरकते, पण कोठीघरातून पहिली वस्तू यायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो. या वेळेचा, म्हणजे लेटन्सीचा, हिशोब करून पाहा. सीएल म्हणजे पहिला डेटा यायला लागणारे घड्याळाचे ठोके. सीएलच्या आकड्याला २०००ने गुणायचे आणि वेगाने भागायचे, उत्तर नॅनोसेकंदांत येते. डीडीआर-४०० सीएल३ला १५. डीडीआर३-१६०० सीएल११ला १३.७५. डीडीआर४-३२०० सीएल२२लाही बरोबर १३.७५. सुरुवातीच्या डीडीआर५-४८०० सीएल४०ला साधारण १६.७, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या रॅमपेक्षा जास्त. बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, बारापट झाली आणि पहिल्या बाइटची वाट पाहणे तसेच राहिले.

वरच्या हिशोबात एक गोष्ट लपली आहे. डीडीआर४-३२०० सीएल१६चे उत्तर १० नॅनोसेकंद येते, सीएल२२चे १३.७५. खोक्यावर दोन्हींच्या नावात ३२०० ठळक असते. पण या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत.

सीएल२२ची स्टिक मानकानुसार ३२००ची असते. व्होल्टेज १.२. बहुधा उघडी, हिरवी किंवा काळी पट्टी, वर धातूचे आवरण नाही. तिच्यावरच्या छोट्या चिपमध्ये ‘मी ३२००ला चालते’ अशी नोंद असते. मदरबोर्ड ती वाचतो आणि प्रोसेसरला झेपत असेल तर आपोआप तो वेग लावतो. सीएल१६ची स्टिक १.३५ व्होल्टवर ३२००ला चाचणी केलेली असते, आणि तिची मानक नोंद बहुतेक वेळा २१३३, २४०० किंवा २६६६चीच असते. ३२०० हा तिचा जादा प्रोफाइल, म्हणजे वेगाच्या तयार सेटिंगचा संच. तो बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावा लागतो. न केल्यास चमकदार आवरणाची महाग स्टिक हिरव्या स्वस्त स्टिकपेक्षा हळू चालते. माझ्या स्वतःच्या मशीनमध्ये ३२००ची जोडी दीड वर्ष २१३३ने चालत होती. बायोस उघडायचे सुचले नाही आणि मशीन हळू आहे असे जाणवलेही नाही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त बोलकी आहे.

असे प्रोफाइल स्टिकवरच कोरून ठेवायची कल्पना २००६ची, डीडीआर२च्या काळातली. २००७ साली डीडीआर३सोबत इंटेलचा ‘एक्सएमपी’ आला आणि तोच रूढ झाला. त्याआधी हौशी मंडळी प्रत्येक टायमिंग हाताने भरायची, ते आता एका क्लिकवर आले. सोय झाली, पण विचित्र स्थितीही निर्माण झाली. ज्या कंपनीने एक्सएमपी आणला, तिच्याच लेखी तो चालू करणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्या वेगाच्या वर चालवणे), आणि त्याने प्रोसेसरच्या वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो. म्हणजे जाहिरातीत ज्या वेगाने विकले जाते, तो वेग वापरणे ही ग्राहकाची जोखीम.

याच वर्गवारीच्या आधारे पुढे मधल्या दर्जाच्या मदरबोर्डांवर वेगाला कुलूप लागले. भारतातल्या अनेक असेंबल्ड मशीनची आजची अडचण या निर्णयातून आलेली आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. २०१८ साली इंटेलच्या आठव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांसाठी एच३१०, बी३६० आणि वर्षाअखेरीस बी३६५ हे चिपसेट, म्हणजे मदरबोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिप, आले. त्यांवर आय५ लावला तर रॅम जास्तीत जास्त २६६६, आय३ लावला तर २४००. ३६००ची स्टिक लावा, नाहीतर ४०००ची, वेग तेवढाच. हीच पद्धत २०२०च्या बी४६०मध्येही राहिली: आय५ला २६६६, आय७ला २९३३. कुलूप फक्त झेड मालिकेच्या बोर्डांवर नव्हते, आणि ते बोर्ड महाग.

कंपनीचा युक्तिवाद असा, की प्रोसेसर ज्या वेगाला तपासला त्याचीच हमी देता येते. युक्तिवाद खोटा नाही. कमी बजेटच्या ग्राहकाला स्थिर मशीन हवे असते, आकडे नकोत, हेही खरे. पण मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम हाताळणारा भाग, २००८पासून या कंपनीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या पोटात येऊ लागला होता आणि २०१८पर्यंत तो मदरबोर्डावर कुठेच उरला नव्हता. तोच आय५-८४००, तीच स्टिक झेड३७० बोर्डावर लावली की ३२०० चालायची, बी३६०वर लावली की २६६६. मग अडत होते कुठे? हमीचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता. अडथळा विजेचा नव्हता, दरपत्रकाचा होता, असे मानायला त्यामुळे जागा राहते. प्रतिस्पर्धी एएमडीने २०१७पासून बी३५० आणि नंतर बी४५०सारख्या स्वस्त बोर्डांवर मेमरीचा वेग मोकळा ठेवला होता, हेही ग्राहक पाहत होते. अखेर २०२१च्या जानेवारीत आलेल्या बी५६०ने कुलूप काढले. शिवाय अकराव्या पिढीचे कोअर प्रोसेसर अधिकृतपणेच ३२०० चालवत होते, त्यामुळे साध्या हिरव्या स्टिकलाही तिचा पूर्ण वेग मिळू लागला.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरांची बाजू वेगळी होती. २०१७च्या पहिल्या पिढीत रॅम ओळखण्याच्या इतक्या तक्रारी होत्या, की मदरबोर्डाच्या वेबसाइटवरची सुसंगत रॅमची यादी लोक पंचांगासारखी पाहायचे. मे २०१७मधल्या बायोस अपडेटने परिस्थिती बरीच निवळली. पण रायझनवर वेगाला खरोखर किंमत होती, कारण प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारी मार्गिका रॅमच्या घड्याळाशी बांधलेली होती. २०१९च्या रायझन ३००० मालिकेत ३६०० हा स्वीट स्पॉट, म्हणजे सर्वांत फायद्याचा वेग, ठरला. ३७३३च्या वर गेले की ती मार्गिका आपोआप अर्ध्या प्रमाणावर उतरायची आणि महाग रॅम लेटन्सीत मागे पडायची. वेगाच्या निवडीत मोठा आकडा उलटा लागू शकतो, हे सर्वसामान्य ग्राहकाला पहिल्यांदा इथे कळले.

अपग्रेड करताना २६६६ की ३२०० यावर तासन्‌तास वाद होतात, पण स्टिक एक की दोन यावर फारसे कोणी बोलत नाही. ३२००ची एकच स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते. २६६६च्या दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन मार्गिकांवर एकाच वेळी, ४२.७. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम चालवायचे असतील, तर हा फरक डोळ्यांना दिसतो. टॅली, ब्राउझर आणि एक्सेल यांवर दिवस जात असेल तर दोन्ही वाद निरर्थक. तिथे ८चे १६ जीबी होणे महत्त्वाचे. आणि जुन्या २४००च्या स्टिकशेजारी नवी ३२०० लावली तर दोघी २४००नेच चालणार, कारण सगळ्यांना झेपेल तोच वेग लागतो.

डीडीआर५ने काही वेगळे घडवले असे नाही, त्याच नाटकाचा नवा प्रयोग. २०२०च्या जुलैमध्ये मानक, २०२१च्या नोव्हेंबरात इंटेलच्या बाराव्या पिढीसोबत ४८००ची रॅम. २०२२मध्ये रायझन ७०००सोबत ‘एक्स्पो’ नावाचा दुसरा प्रोफाइल आला आणि स्वीट स्पॉट ६००० झाला, अधिकृत मर्यादा मात्र ५२००. चारही स्लॉट भरले तर याच प्रोसेसरांवर अधिकृत वेग थेट ३६००वर येतो, हे सूक्ष्म अक्षरांत. म्हणून ‘आता दोन लावतो, पुढे आणखी दोन’ हा आपला जुना मध्यमवर्गीय बेत डीडीआर५वर फसतो. पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटे काळा राहतो, ते मशीनचे मेमरी ट्रेनिंग असते. घाबरून वीज बंद करणारे पुष्कळ निघाले.

दरम्यान अमेरिकेत खोक्यावरच्या आकड्यावरून दोन मेमरी कंपन्यांवर सामूहिक दावे झाले. मुद्दा हाच: डीडीआर४मध्ये २१३३च्या आणि डीडीआर५मध्ये ४८००च्या वरचा जाहिरातीतला वेग बायोसमध्ये बदल केल्याशिवाय मिळत नाही, हे ग्राहकाला नीट सांगितले गेले नाही. दोन्ही कंपन्यांनी दोष मान्य न करता तडजोड केली.

२०२५मध्ये चर्चा वेगाची राहिलीच नाही. डीडीआर४चे उत्पादन कमी होऊ लागले तशा तिच्या किमती वर्षाच्या मध्यापासून चढल्या, आणि वर्षअखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी ओढून घेतल्यावर डीडीआर५ही भडकली. आता अनेकांच्या घरी बी३६५ किंवा बी४६० बोर्ड तसाच आहे आणि त्यात आणखी ८ जीबी घालायचे आहेत. आय५च्या अशा मशीनमध्ये ३२०० सीएल२२ची साधी स्टिक लावली तर ती २६६६ने चालेल, ३६००ची लावली तरी त्याहून वर जाणार नाही. फरक एवढाच, की बोर्ड बदलून उद्या बी५६० आणि अकराव्या पिढीचा प्रोसेसर घेतला, तर साधी स्टिक बायोसला हात न लावता ३२०० दाखवेल.