सौर ज्वाला वेगळी, भूचुंबकीय वादळ वेगळं

११ मे २०२४, शनिवार. सकाळी ६ वाजून ५३ मिनिटांनी सूर्यावरची एक ज्वाला कळसाला पोचली. दर्जा एक्स ५.८, म्हणजे चांगलीच दणदणीत. त्याच वेळी पृथ्वीवर गेल्या वीस वर्षांतलं सगळ्यांत मोठं भूचुंबकीय वादळ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ, चालू होतं. दोन्ही बातम्या एकाच सकाळी फोनवर आल्या आणि बहुतेकांनी त्या एकमेकींना जोडून टाकल्या: सूर्यावर स्फोट झाला म्हणून वादळ आलं.

घड्याळ मात्र वेगळं सांगतं. ते वादळ आदल्या रात्री साडेदहाच्या सुमारासच धडकलं होतं, म्हणजे ज्वालेच्या आठ तास आधी. त्याचं मूळ ८ आणि ९ मेच्या सौर उसळींमध्ये होतं. सकाळच्या ज्वालेचा त्या वादळाशी नातेसंबंध एवढाच, की दोघं सूर्यडागांच्या एकाच समूहातून निघाले होते.

'सौरवादळ' हा एकच शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो, तिथे हा घोळ सुरू होतो. घरच्या घरी दोन साधी उपकरणं चालवायला लागलात, की तो मनातून कायमचा जातो. कारण ज्वाला पकडणारं उपकरण वेगळं, वादळ पकडणारं वेगळं, आणि एकाचं काम दुसऱ्याकडून नीट होत नाही.

ज्वाला म्हणजे प्रकाश. दिसणारा थोडा, क्ष-किरणांचा आणि अतिनील भरपूर. तो सव्वाआठ मिनिटांत इथे येतो. त्याच्या आधी कुठलीही सूचना येऊच शकत नाही, कारण सूचनाही प्रकाशाच्याच वेगाने येणार. ए, बी, सी, एम, एक्स ही जी अक्षरं आपण वाचतो ती क्ष-किरणांची तीव्रता मोजतात. प्रत्येक अक्षर आधीच्याच्या दहापट.

वादळ आणतो तो पदार्थ. सूर्याच्या प्रभामंडलातून, म्हणजे बाहेरच्या वातावरणातून, अब्जावधी टन तापलेला वायू चुंबकीय क्षेत्रासकट उसळतो. तो इथवर यायला साधारण एक ते तीन दिवस घेतो, आणि आपल्या दिशेने निघालेला नसेल तर येतच नाही. इथे पोचल्यावरही त्याच्यातलं चुंबकीय क्षेत्र कुठे तोंड करून आहे ते महत्त्वाचं. दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जाऊन आत ऊर्जा ओततं, उत्तरेकडे असेल तर बरंचसं बाजूने निघून जातं. ही दिशा खात्रीने कळते ती वायूचा हा ढग पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूशी आल्यावर. आपलं आदित्य एल-१ तिथेच आहे. तिथून पृथ्वीपर्यंतचा अवधी तासाभराचा, जोराचा ढग असेल तर त्याहून कमी. वादळासाठी केपी आणि जी-१ ते जी-५ असे वेगळे मापदंड आहेत. 'एक्स दर्जाचं वादळ' असं कुणी लिहिलं, की समजावं, दोन मापं एकात मिसळली आहेत.

मोठी ज्वाला आणि मोठी उसळी पुष्कळदा जोडीने येतात, म्हणून गोंधळ समजण्यासारखा आहे. पण ऑक्टोबर २०१४ आठवा. त्या वेळी १९९० नंतरचा सगळ्यांत मोठा डागांचा समूह सूर्यावर होता. त्याने एक्स दर्जाच्या सहा ज्वाला दिल्या, सगळ्यांत मोठी २४ तारखेची एक्स ३.१ ची, आणि त्यातल्या एकीबरोबरही ढग सुटला नाही. दुसरं उदाहरण १४ मे २०२४ चं. एक्स ८.७ ची ज्वाला झाली तेव्हा तो समूह सूर्याच्या कडेला गेलेला होता, मोठं वादळ काही आलं नाही. शिवाय आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते, त्यामुळे ज्वाला पकडणारं उपकरणही महाराष्ट्रात गप्पच राहणार.

ते का, हे उपकरण पाहिलं की कळतं. माझं उपकरण म्हणजे लाकडी चौकट, बाजू जेमतेम दोन हात. तिच्यावर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेल्या वार्निशच्या तांब्याच्या तारेचे पन्नासेक वेढे. तारेची दोन टोकं छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून जुन्या संगणकाच्या माइकच्या भोकात. संगणकाचं साउंड कार्ड ४८ किलोहर्ट्झने आवाज टिपतं, म्हणजे २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं त्याला ऐकू येतं. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे नौदलाचं केंद्र आहे, पाणबुड्यांसाठीच्या त्याच्या लहरी १८.२ किलोहर्ट्झवर असतात. ऑस्ट्रेलियातलं १९.८ चं केंद्रही लागतं. त्यांत काय संदेश आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, फक्त जोर किती आहे तो लिहून ठेवायचा. चौकटीची सपाटी त्या केंद्राच्या रेषेत धरायची. मी सातारकर, म्हणून माझी चौकट जवळजवळ दक्षिणोत्तर उभी असते.

या लहरी जमीन आणि आयनांबराचा, म्हणजे वरच्या विद्युतभारित हवेच्या थराचा, तळ यांच्यामधून प्रवास करतात. ज्वालेचे क्ष-किरण आले की ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा तो तळ एकदम बदलतो आणि लहरींचा जोर काही मिनिटांत चढतो किंवा पडतो. मग पाऊण तास, तासभर हळूहळू मूळ जागी येतो. आलेखावर शार्कच्या पंखासारखा आकार उमटतो, एक बाजू ताठ, दुसरी उतरती. क्ष-किरण फक्त सूर्याकडे तोंड असलेल्या अर्ध्या पृथ्वीवर पडतात, म्हणून रात्री काहीच नाही. सूर्योदय आणि सूर्यास्ताला आलेख आपोआप हलतो. नव्या माणसाला पहिला महिना त्याच ज्वाला वाटतात, म्हणून आधी शांत दिवसांचे दहा-पंधरा आलेख ओळखीचे करून घ्यावेत. ११ मेची ज्वाला सूर्योदयानंतर तासाभरातच होती, अशा वेळी पंख वाचणं अनुभवी डोळ्यांनाही जड जातं. इन्व्हर्टर, चार्जर आणि स्वस्तातल्या एलईडी ट्यूब हे या चौकटीचे खरे शत्रू.

आता वादळाचं उपकरण. परदेशातले हौशी लोक एक सुंदर गोष्ट करतात: काचेच्या बरणीत दोऱ्याला चुंबक टांगायचा, त्याला आरसा चिकटवायचा, आरशावर लेसर मारायचा आणि समोरच्या भिंतीवर ठिपका कुठे सरकतो ते पाहायचं. अरोराच्या, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या, रात्री ठिपका खरोखर नाचतो. मीही मोठ्या उत्साहाने बरणी टांगली होती. ती चुकीची नव्हती, पण महाराष्ट्राच्या कामाची नव्हती.

कारण असं. नॉर्वेतल्या ट्रोम्सोला पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा, जमिनीला समांतर भाग सुमारे ११,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). डोक्यावरच्या अरोराबरोबर वाहणारे विद्युतप्रवाह त्याला बाजूला ढकलतात, मग टांगलेला चुंबक वळतो. अलिबागला तोच आडवा भाग ३८,००० च्या वर. इथे वादळाचा मुख्य परिणाम घडवतो तो विषुववृत्तावर हजारो किलोमीटर उंचीवरून पृथ्वीला वेढणारा वलय-प्रवाह. तो आपलं क्षेत्र बाजूला वळवत नाही, त्याच रेषेत कमी करतो. सुई उत्तरेकडेच बघत राहते, फक्त तिला ओढणारा जोर शेकडा एक टक्का घटतो. हे ठिपक्यावर दिसणार नाही. त्यासाठी जोर मोजणारा इलेक्ट्रॉनिक संवेदक हवा.

तो मी प्लास्टिकच्या नळीत बंद करून अंगणाच्या कोपऱ्यात जमिनीत पुरला आहे, कारण संवेदकाला तापमानातला बदल फार बाधतो. तरी शेजारच्या दादांनी दुचाकी फाटकाजवळ लावली की आलेखात पायरी पडते. पायरी ताठ असते आणि दुचाकी हलली की तितकीच परत भरते, म्हणून ओळखू येते. वादळाची चाल निराळी. ढग आदळला की पृथ्वीचं क्षेत्र दाबलं जातं आणि आलेख आधी एकदम वर उडी घेतो. मग तासन्‌तास खाली घसरत जातो, आणि सावरायला दोन-चार दिवस घेतो. १० मेच्या रात्री हीच क्रमवारी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वादळाचा जगभरचा सरासरी निर्देशांक, डीएसटी, उणे ४०० नॅनोटेस्लाच्याही खाली गेला. रोजच्या दिवशी दुपारच्या सुमारास जे पन्नासेक नॅनोटेस्लाचं हेलकावणं असतं, ते याच्यापुढे अगदीच किरकोळ.

आपला आलेख खरा की खोटा, हे ताडून बघायला अलिबागची नोंद आहे, आणि याचं मला फार अप्रूप वाटतं. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेलं. इमारतींसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड वापरला. काही काळ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे साखळी तुटू नये. आता ती वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थान चालवतं.

याच कुलाब्याच्या वहीत २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी आडव्या क्षेत्राची सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण आहे, डोळ्यांनी वाचून हाताने लिहिलेली. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यडागांवर पांढरा लखलखाट पाहिला होता. त्याच मिनिटाला क्यूच्या वेधशाळेत सुई किंचित हलली, आणि सतरा-अठरा तासांनी वादळ आलं. ती किंचित हालचाल ज्वालेची होती. दिवसाच्या बाजूला आयनांबरातले प्रवाह वाढले की इतपत आकडा, म्हणजे हुकासारखं छोटं वळण, चुंबकमापकाच्या आलेखावरही पडतो. तेव्हा माझं 'एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही' हे विधान इथे थोडं सैल करावं लागेल. पण घरच्या संवेदकावर तो आकडा शोधायचा तर ज्वाला फारच मोठी हवी.

अरोराचा संबंध वादळाशी, ज्वालेशी नाही. १० मेच्या रात्री लडाखमधल्या हान्ले इथून आकाश लाल झालेलं कॅमेऱ्यांनी टिपलं. लालच, कारण इतक्या दक्षिणेकडून दूरच्या अरोराचा फक्त वरचा थर क्षितिजावर दिसतो, आणि तिथे प्राणवायूचे अणू लाल प्रकाश देतात. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तर मुंबईतून अरोरा दिसल्याची त्या वेळच्या वर्तमानपत्रात नोंद आहे. साताऱ्यातून तो दिसेल या आशेवर मी उपकरणं चालवत नाही. दिसला तर अंगणात सगळ्या गल्लीला उठवीन.

पुढच्या वेळी 'एक्स दर्जाची ज्वाला' असा निरोप आला, तर वेळ बघा. आपल्याकडे दिवस असेल तर चौकटीच्या आलेखात पंख शोधा, तो तेव्हाच उमटून गेलेला असणार. मग ज्वाला सूर्यबिंबाच्या मध्याजवळ होती की कडेला, आणि तिच्यासोबत ढग सुटला का, ते विचारा. सुटला असेल, तर दुचाकी दोन दिवस फाटकापासून लांब लावायला सांगा.