ट्रेडिंगव्ह्यूचे दोन 'फुकट' चार्ट

कर्वे रोडवर शेअर बाजाराचे क्लास घेणाऱ्या मित्राचा फोन आला. त्याचं ॲप मी बनवून देणार होतो. "ॲपमध्ये चार्ट टाकायचाय. ट्रेडिंगव्ह्यूचा फुकट मिळतो, मग तू पैसे कसले सांगतोस?" प्रश्न रास्त होता. घोळ एवढाच की ट्रेडिंगव्ह्यूकडे (शेअरचे चार्ट दाखवणारी साइट) ॲपमध्ये बसवायचे फुकट चार्ट दोन आहेत, आणि दोघांची नावं लोक एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. (वेबसाइटवर चिकटवायची विजेट्स आणखी वेगळी. त्यांत डेटाही त्यांचाच येतो, त्यामुळे आपला डेटा दाखवायचा असेल तर ती बाद.)

पहिला लाइटवेट चार्ट्स. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, अपाची २.० लायसन्स, आकार ५० केबीच्या आत. कुणाला विचारायचं नाही, उतरवा आणि वापरा. ट्रेडिंगव्ह्यूचं नाव आणि लिंक मात्र द्यावी लागते. दुसरा ॲडव्हान्स्ड चार्ट्स. त्यासाठी कंपनीच्या नावाने अर्ज करायचा, करार करायचा, मग गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या बंद रिपॉझिटरीचं, म्हणजे कोडच्या कपाटाचं, दार उघडतं. स्वतःपुरतं वापरायला किंवा शिकायला म्हणून तो देत नाहीत. पैसे लागत नाहीत, पण लोगो त्यांचा राहतो आणि आतल्या कोडला हात लावता येत नाही.

माझं मत सरळ आहे: पहिला घेतलात तर तुम्ही चार्ट 'बांधताय', दुसरा घेतलात तर 'विकत घेताय', भले पावती शून्याची असो.

बांधणं म्हणजे काय, ते आम्हाला बाणेरच्या ऑफिसात एका डेमोत कळलं. लाइटवेटवर कॅंडल (ठरावीक वेळेतला भावाचा चढउतार दाखवणारे ठोकळे) झकास दिसत होत्या. समोर लक्ष्मी रोडचे एक जुने सब-ब्रोकर काका. त्यांनी चष्मा वर केला, खालच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाजार पहाटे पावणेचारला कधीपासून उघडायला लागला? एवढ्या लवकर आमचा दूधवालाही येत नाही." लाइटवेटला टाइमझोन कळत नाही, सगळं यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपले सव्वानऊ म्हणजे तिथले पावणेचार. प्रत्येक वेळेत १९,८०० सेकंद मिळवले, पट्टी सुधारली.

मग तासाची कॅंडल. आमचा कोड यूटीसीच्या पूर्ण तासाला तुकडे पाडत होता, आणि आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे पहिली कॅंडल साडेआठची! तिच्यात सव्वानऊ ते साडेनऊ एवढाच व्यवहार. तुकडे सव्वानऊपासून पाडायला हवेत. तसे पाडले की दिवसाला सात कॅंडल होतात आणि शेवटची सव्वातीन ते साडेतीन, पाव तासाचीच उरते. ती तशीच असते, हे पुढे टेस्टिंगवाल्यांना पटवण्यात अख्खी दुपार गेली.

इंडिकेटर, म्हणजे भावांवरून गणित करून काढलेल्या खुणा, लाइटवेटमध्ये तयार मिळत नाहीत. आरएसआय (भावाच्या चढउताराचा जोर मोजणारा इंडिकेटर) स्वतः लिहायला घ्या: तो शोधणाऱ्या वाइल्डर यांच्या १९७८ च्या पद्धतीने सरासरी काढली तर एक आकडा, नेहमीच्या ईएमएने (ताज्या भावांना जास्त वजन देणारी सरासरी) काढली तर दुसरा. शिवाय इतिहास किती मागून घेतला त्यावरही आकडा हलतो. ग्राहक तो ब्रोकरच्या ॲपशेजारी धरून बघतो आणि मग फोन करतो.

सगळ्यात खोल पाणी ट्रेंडलाइनचं, म्हणजे ग्राहक चार्टवर स्वतः काढतो त्या रेषेचं. रेष काढणं सोपं. पण १५ मिनिटांच्या चार्टवर पावणेबाराला टेकवलेलं टोक दिवसाच्या चार्टवर कुठे बसवायचं? रेष पिक्सेलने नाही, वेळ आणि भावाने साठवावी लागते. मग बोटाने पकडता येणं, पुसणं, पूर्ववत करणं, दुसऱ्या फोनवर परत दिसणं. आमचं निम्मं काम इथेच अडकलं होतं.

ॲडव्हान्स्डमध्ये हे बहुतेक आयतं. शंभराहून जास्त इंडिकेटर, रेघोट्यांची पेटी, 'एशिया/कोलकाता' टाइमझोन, '०९१५-१५३०' सेशन, म्हणजे बाजाराची वेळ. दिवाळीचं मुहूर्त ट्रेडिंग किंवा १ फेब्रुवारी २०२५ सारखा बजेटचा शनिवार आला, तर सेशन दुरुस्तीची वेगळी जागा आहे. मात्र त्यांच्या साइटवरचं पाइन स्क्रिप्ट (इंडिकेटर लिहायची त्यांची भाषा) इथे चालत नाही. स्वतःचा इंडिकेटर जावास्क्रिप्टमध्येच लिहावा लागतो. इथे भलेभले फसतात.

डेटा मात्र दोघांतही येत नाही. बार (कॅंडलचे आकडे) पुरवणारा सर्व्हर तुमचा, एक्स्चेंजच्या डेटाची परवानगी तुमची, बोनसनंतर जुने भाव जुळवणंही तुमचंच. रिलायन्सचा ऑक्टोबर २०२४ चा एकास एक बोनस घ्या: एका शेअरमागे एक फुकट, म्हणून भाव निम्मा. जुने भाव जुळवले नाहीत, तर दोन्ही चार्ट शेअर एका रात्रीत निम्म्यावर कोसळल्याचं इमानेइतबारे दाखवतील.

काकांना ग्राहकांच्या रेषा, इंडिकेटर, सगळंच हवं होतं. त्यांना मी ॲडव्हान्स्डचा अर्ज करायला लावलं. मित्राचं गणित वेगळं निघालं. लाइव्ह भाव हवेतच असा त्याचा हट्ट होता. पण सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने नुसतं शिकवणाऱ्यांना शेअरचं नाव घेऊन मागच्या तीन महिन्यांचे भाव वापरायलाच आडकाठी केली. म्हणजे त्याला जुना डेटा, कॅंडल, व्हॉल्यूम आणि दोन मूव्हिंग ॲव्हरेज (सरकत्या सरासरीच्या रेषा), बस. लाइटवेट पुरला. पैसे मी सांगितले होते त्यापेक्षा कमीच लागले; तरी, पुणेरी माणूस, घासाघीस केलीच.