पेसमेकर बसवल्यानंतरची भीती आणि अस्वस्थता

हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या किंवा मध्येच अडणाऱ्या विकारांवर पेसमेकर, म्हणजे ठोक्यांना आधार देणारे छोटे यंत्र, बसवल्यानंतर रुग्णाला पुढचे काही आठवडे, कधी काही महिने, जाणवणारा शारीरिक त्रास आणि मनातली धास्ती. वैद्यकाच्या लेखी ही शस्त्रक्रिया छोटी. पूर्ण भूल लागत नाही, जागा बधिर करून हासळीच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूला, दोन-तीन इंचांची चीर देतात. तिथल्या शिरेतून एक किंवा दोन तारा हृदयापर्यंत नेतात आणि कातडीखाली कप्पा करून त्यात यंत्र ठेवतात. सारे तास-दोन तासांत उरकते आणि एक-दोन दिवसांत रुग्ण घरी येतो. घाबरण्याची वेळ बहुधा इथून पुढे सुरू होते. रुग्णालयात ठोक्यांवर नजर ठेवणारा मॉनिटर असतो, घरी तो नसतो.

जखमेचे दुखणे पहिला आठवडाभर जाणवते आणि पॅरासिटामॉलने सहसा आटोक्यात राहते. यंत्राची जागा काळीनिळी पडणे, थोडी सुजणे, तिथे खाज येणे किंवा ओढल्यासारखे वाटणे नेहमीचे आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर काळेनिळेपण जास्त पसरते. बारीक अंगकाठीच्या माणसाला यंत्राचा उंचवटा हाताला लागतो आणि त्या कुशीवर झोपणे नको वाटते. डाव्या खांद्यावर टाचलेला पदर, ब्लाउजचा किंवा पर्सचा पट्टा, जानवे, गाडीचा सीटबेल्ट या गोष्टी नेमक्या त्याच जागी घासतात. मऊ कापडाची घडी मध्ये ठेवली की बराच आराम पडतो.

सर्वांत जास्त गैरसमज हाताबद्दल होतात. तारेचे टोक बारीक स्क्रूने किंवा आकड्यांनी हृदयाच्या आतल्या भिंतीत अडकवलेले असते. भोवती ऊती वाढून ते पक्के होईपर्यंत हाताच्या मोठ्या हालचालीने तार सरकू शकते. म्हणून त्या बाजूचे कोपर खांद्याच्या वर नेऊ नये आणि चार-पाच किलोंपेक्षा जड काही उचलू नये, असे साधारण ४ ते ६ आठवड्यांसाठी सांगतात. वेणी घालणे, दांडीवर कपडे वाळत टाकणे, लोकलमध्ये वरची कडी धरणे, सूर्यनमस्कार हे सारे या मनाईत येते. मात्र घरी येईपर्यंत ‘हात वर करू नका’ याचा अर्थ ‘हात हलवू नका’ असा झालेला असतो. मग रुग्ण हात छातीशी बांधल्यासारखा ठेवतो, खांदा आखडतो, त्याच्या कळा छातीपर्यंत येतात आणि त्या हृदयाच्या वाटून भीती आणखी वाढते. कोपर वाकवणे, जेवणे, बटणे लावणे, खांद्याखालच्या उंचीत हात सावकाश झुलवणे पहिल्या दिवसापासून चालते. किंबहुना ते करायलाच हवे. मनाई कधी संपणार हे कागदावर लिहून दिले जात नाही, ही या काळातली खरी उणीव आहे. मुदत ठाऊक नसली की सहा आठवड्यांची सावधगिरी सहा महिने चालते.

‘हे बंद पडले तर?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतो. पेसमेकर मुख्यतः हृदयाचा स्वतःचा ठोका चुकला किंवा लांबला तरच विजेचा स्पंद देतो. हा स्पंद इतका सूक्ष्म असतो की सहसा जाणवत नाही. शॉक देणारे यंत्र, म्हणजे आयसीडी, वेगळे. शेजारी आणि पाहुणे ऐकीव गोष्टींत दोन्ही एकच करून टाकतात. पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना शल्यविशारद ओके सेनिंग यांनी बसवला. यंत्र रूने एल्मक्विस्ट यांनी बनवले होते. ते काही तासच चालले. पण पुढे एकामागून एक वीसहून अधिक यंत्रे वापरत लार्सन २००१ पर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्याआधी गेले. लार्सन यांचा मृत्यू त्वचेच्या कर्करोगाने झाला.

सतत नाडी मोजत बसण्याने धास्ती कमी होत नाही. करोनाच्या साथीत अनेक घरांत आलेला ऑक्सिमीटर इथे उलट त्रास देतो. हृदयात मधूनच अवेळी ठोका पडला तर तो बोटापर्यंत नीट पोचत नाही आणि ऑक्सिमीटरवर नाडीचा आकडा खाली गेलेला दिसतो. दिवसातून एकदा, शांत बसून, पूर्ण मिनिटभर मोजणे पुरे. तरीही नाडी वारंवार पेसमेकरला नेमून दिलेल्या किमान आकड्याच्या खाली येत असेल तर कळवावे.

प्रत्येक तक्रार ‘मनाची’ म्हणून झटकणेही चूक आहे. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा मेळ न बसल्यास थकवा, मानेत ठोके आणि चक्कर जाणवते. याला पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. यंत्राचे सेटिंग बदलून किंवा गरज पडल्यास वरच्या कप्प्यात तार घालून ते बरे होऊ शकते. थांबत नसलेली उचकी किंवा पोटाचे, छातीचे स्नायू ठोक्यागणिक फडफडणे याचा अर्थ तार सरकली किंवा स्पंद भलतीकडे पोचतो आहे असा असू शकतो. पुन्हा चक्कर येऊन पडणे, ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणे, लाली पसरणे, यंत्रावरची कातडी पातळ होऊन चकाकणे, या तक्रारींसाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नये. सूज आली म्हणून कुठेही सुई घालून पाणी काढून घेऊ नये, त्यातून जंतुसंसर्ग होतो.

विजेच्या वस्तूंची भीती प्रत्यक्षापेक्षा मोठी असते. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह नीट चालू स्थितीत असतील तर चालतात. मोबाइल यंत्रापासून १५ सेंटीमीटर दूर असावा, म्हणजे शर्टाच्या डाव्या खिशात नको आणि बोलताना उजव्या कानाला धरावा. इंडक्शन शेगडीपासून साधारण दोन फूट अंतर ठेवावे. विमानतळावर पेसमेकरचे कार्ड दाखवावे. धातुशोधक दरवाजातून न थांबता जाता येते, हातातला डिटेक्टर मात्र छातीवर रेंगाळू देऊ नये.

पहिल्या तपासणीत तंत्रज्ञ ठोके मुद्दाम कमी-जास्त करून पाहतो. तेव्हा धडधड किंवा क्षणभर हलके वाटते. आधी सांगितले तर रुग्ण घाबरत नाही. ‘झटका आला का?’ असे दर तासाला विचारणाऱ्या नातेवाइकांना या तपासणीला सोबत नेणे उपयोगी ठरते. दोन-तीन महिन्यांनंतरही झोप लागत नसेल, बाहेर पडायची हिंमत होत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी; हृदयरोगतज्ज्ञानेच ती सुचवणे बरे, कारण घरातून सुचवली तर अनेकांना तो अपमान वाटतो.

बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षे चालते आणि संपत आल्याची खूण तपासणीत काही महिने आधीच दिसते. बदलताना बहुधा तारा त्याच राहतात, फक्त यंत्र काढून नवे जोडतात. त्यामुळे हाताची बंधनेही थोडेच दिवस असतात. जखमेची काळजी मात्र पहिल्या वेळेपेक्षा जास्त घ्यावी लागते, कारण कातडीखालचा जुना कप्पा उघडल्यावर संसर्गाचा धोका अधिक असतो.