काळ्या मातीवरील कृत्रिम हिरवळ (पाळीव प्राण्यांसाठी)

घराच्या अंगणात किंवा परसात कुत्री-मांजरांच्या वावरासाठी, मुख्यतः पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचे गालिच्यासारखे आच्छादन पाणी झिरपणाऱ्या थरांवर अंथरण्याची पद्धत. बोलण्यात तिला नुसते ‘टर्फ’ म्हणतात. नागपूर परिसरात हे काम बिघडते ते बहुधा खालच्या मातीमुळे, म्हणून प्रस्तुत नोंदीचा भर मातीवर आहे.

शहरी मुलांना खेळायला जागा मिळावी या हेतूने फोर्ड फाउंडेशनच्या आश्रयाखाली झालेल्या प्रयत्नांतून मोन्सँटो कंपनीने ‘केमग्रास’ ही नायलॉनची कृत्रिम हिरवळ बनवली. १९६४ मध्ये ती अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राउन शाळेत अंथरली गेली, आणि १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम क्रीडागारात वापरल्यानंतर ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव रूढ झाले. शोधाचे श्रेय लोकप्रिय लेखनात डेव्हिड चेनी यांना दिले जाते. १९६७ च्या पेटंटवर मात्र जेम्स फारिया व रॉबर्ट राइट ही नावे आहेत. चेनी संशोधनगटाचे प्रमुख होते हे ध्यानात घेता दोन्ही दावे परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही, तथापि पेटंटवरील नावांना अधिक वजन देणे इष्ट. प्राण्यांसाठीचा स्वतंत्र प्रकार बराच नंतरचा असून लांब व मऊ तंतूंची हिरवळ प्रचारात आल्यावर, म्हणजे साधारणतः १९९० नंतर, तो पुढे आला असावा.

नागपूर शहर दोन भूस्तरांच्या सीमेवर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी व पश्चिमेकडील भाग दख्खनच्या बेसाल्टचा, तर पूर्वेकडे त्याहून पुष्कळ जुने स्फटिकी खडक आहेत. बेसाल्टच्या अपक्षयाने झालेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातील मृद्-खनिजे भरपूर असतात. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते व ते निघून गेले की आकसते. जमीनमोजणीच्या जुन्या दप्तरांत काळी, मोरंड, खरडी, बरडी असे मातीचे प्रकार आढळतात. त्यांपैकी पहिल्या दोहोंवर विशेष काळजी घ्यावी लागते.

फुगवट्याचा अंदाज भारतीय मानक २७२० (मातीच्या चाचण्या) च्या ४० व्या भागातील चाचणीने येतो. भट्टीत वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या एका नळकांड्यात केरोसिनमध्ये व तेवढीच दुसऱ्यात पाण्यात टाकून २४ तास ठेवतात. केरोसिनमधील माती फुगत नाही. पाण्यातील माती तिच्या दीडपटीहून वर चढली, तर फुगवटा ५० टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे जमीन जोखमीची. घरगुती पातळीवर याहून सोपी खूण पावसाळ्यात मिळते : फूटभर खड्ड्यात भरलेले पाणी दुसऱ्या सकाळीही तसेच दिसते. तीच जमीन मे महिन्यात मात्र भेगांवाटे बादलीभर पाणी क्षणात गिळते, आणि उन्हाळ्यात पाहणी करणारा कारागीर येथेच फसतो.

बसवताना सहा इंच ते एक फूट माती उकरून तळाला घराच्या जोत्यापासून दूर, नालीकडे, शंभर फुटांस एक ते दोन फूट उतार देतात. त्यावर न विणलेले जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कृत्रिम कापड), मग चार ते सहा इंच गिट्टी, वर दगडाच्या चुरीचा पातळ थर आणि शेवटी हिरवळ असा क्रम असतो. जिओटेक्स्टाइल वगळल्यास ओली काळी माती गिट्टीच्या पोकळ्यांत वर चढते आणि निचरा बंद पडतो. शोषखड्डा काळ्या मातीतच संपत असेल तर त्याचा उपयोग नाही. तो खालच्या मुरमापर्यंत पोहोचला पाहिजे, अन्यथा छिद्रांचा पाइप थेट नालीपर्यंत न्यावा.

गिट्टीऐवजी मुरूम चालेल का, याविषयी मतभेद आहेत. मुंबईच्या आयआयटीतील आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा थर देण्याची पद्धत विकसित केली. मुरमाची शिफारस करणारे तिचा दाखला देतात. परंतु तो थर कालवे व इमारतींसाठी असून त्याची जाडी मीटरभराच्या घरात जाते. सहा इंच मुरमाने फुगणाऱ्या मातीचा उठाव थांबत नाही, उलट धुम्मस करून मुरूम घट्ट ठोकल्यावर पाणीही अडते. गिट्टीखाली मुरूम चालेल, गिट्टीऐवजी नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मातीत ३ ते ६ टक्के चुना मिसळल्यास कॅल्शियममुळे फुगवटा कमी होतो. हा उपाय खर्चिक नाही, पण चुना मुरेपर्यंत प्राण्यांना तेथे सोडू नये. काम दिवाळीनंतर, माती पुरती फुगलेली नाही व भेगाळलेलीही नाही अशा वेळी करावे.

मूत्रातील युरियाचे जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर होते व वास येतो. त्यासाठी तंतूंमध्ये वाळूऐवजी क्लिनॉप्टिलोलाइट हे झिओलाइट खनिज भरतात. ते अमोनियम आयन धरून ठेवते. खालची काळी मातीही हेच करते, त्यामुळे मूत्र तेथे साचल्यास वरून कितीही धुतले तरी दर पावसाळ्यात वास परततो. रबराचे कण टाळावेत, कारण ते तापतात व कुत्री ते चघळतात.

कुत्री कडा उकरतात; भेगाळलेल्या मातीत खिळे ढिले पडतात, म्हणून कडा पट्टीवर आवळून घेतात. नागपूरच्या ४५ अंशांवरील दुपारी हिरवळ हवेपेक्षा पुष्कळ अधिक तापते व पंजे भाजू शकतात. पाणी शिंपडल्याचा परिणाम फार वेळ टिकत नाही, त्यामुळे सावलीची जाळी लागतेच. स्वच्छतेसाठी काळे फिनाईल वापरू नये, कारण फिनॉलयुक्त द्रव्ये मांजरांना विषारी असतात. ब्लीचिंग पावडर मूत्रावर टाकल्यास क्लोरामाइन वायू निर्माण होतो. विष्ठा उचलून साध्या पाण्याने, आणि वास उरल्यास विकरयुक्त (एन्झाइमच्या) द्रावणाने, धुणे पुरेसे असते.