बारा मोटेची विहीर, लिंब

सातारा जिल्ह्यातील लिंब येथील अठराव्या शतकातील दगडी पायविहीर. सातारा शहराच्या उत्तरेस सुमारे १६ किमी.वर, पुणे–सातारा महामार्गापासून थोडी आत. छत्रपती शाहू महाराजांच्या परिवारातील वीरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६ (इ. स. १७१९–२४) या काळात बांधवून घेतली, तसा शिलालेख येथे आहे. भोवतालची सुमारे ३,३०० झाडांची आमराई हिच्या पाण्यावर भिजत असे.

मुख्य विहीर अष्टकोनी असून तिला छोटी उपविहीर जोडलेली आहे. वरून पाहिले की सगळा आकार शिवलिंगासारखा दिसतो. खोली सुमारे ११० फूट, व्यास सुमारे ५० फूट.

बांधणाऱ्यांनी सर्वाधिक डोके चालवले आहे ते आत उतरणाऱ्या वाटेवर. रुंद पायऱ्या उघड्या आभाळाखालून दरवाजाशी येतात आणि तिथून वाट भुयारासारखी विहिरीवर बांधलेल्या महालाच्या खाली शिरते. भिंतींच्या जाडीतच जिने काढलेले आहेत. नेमके कुठून वर जायचे, हे नवख्याला पटकन उमगत नाही. जिना चढून गेले की विहिरीवर पुलासारखा आडवा बांधलेला महाल लागतो. त्याच्या खांबांवर गणपती, हनुमान, हत्ती, घोडेस्वार यांची शिल्पे आहेत, तर प्रवेशाच्या बाजूस शरभ हा काल्पनिक पशू.

महाल केवळ शोभेचा मानणे चुकीचे ठरेल. खोल पायविहिरीच्या काठभिंतींना बाहेरची माती सतत आत रेटत असते. मधले आडवे बांधकाम त्यांना तोलून धरते. कमानीचे पाचरीसारखे घडवलेले दगडही वरच्या भारामुळेच एकमेकांत घट्ट बसतात.

बारा मोटा (बैलांनी ओढून पाणी उपसण्याच्या चामडी पिशव्या) एकाच वेळी चालत, म्हणून हे नाव. बैल धावेवरून, म्हणजे काठालगतच्या उतरत्या वाटेवरून, निघाले की नाडा (मोटेचा दोर) ताणला जाई, मोट वर येऊन थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, रिती होई आणि पाणी पाटाने झाडांकडे जाई. बैलांची ये-जा वर काठावर, माणसांची वाट पोटातून. एकाचा दुसऱ्याला अडथळा नाही.

महालात शाहू महाराजांची खलबते चालत, असे परिसरात सांगितले जाते. खलबतांचे काहीही असो, सातारी उन्हाळ्यात पाण्यावरच्या या गारव्यात बसण्यासाठी वेगळे निमित्त लागले नसावे.