विमान उतरताना बाळ का रडतं?

चढताना बाळ मजेत असतं. मधे खेळतं, झोपतंही. आणि उतरायला अर्धा तास राहिला की अचानक किंचाळून उठतं. आईला वाटतं भूक लागली, बाबांना वाटतं कंटाळलं, मागच्या रांगेतले उसासे सोडतात. पण बऱ्याचदा त्या बाळाचा कान ठणकत असतो.

विमान ३५,००० फुटांवर असलं तरी आत हवा दाबाने भरलेली असते. मात्र समुद्रसपाटीइतका दाब तिथे नसतो, ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असेल तेवढाच असतो. आपलं कळसूबाईचं शिखर सुमारे ५,४०० फूट. म्हणजे मुंबईहून दिल्लीला निघालेलं बाळ थोड्याच वेळात कळसूबाईच्याही वर, जवळजवळ सिमल्याच्या उंचीवर जातं आणि दोनेक तासांत पुन्हा खाली येतं. ८ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट उरतो. दाब घटला की बंदिस्त हवा फुगते. महाबळेश्वरचा घाट चढताना वेफर्सचं पाकीट टम्म होतं, ते यामुळेच.

अशीच थोडी हवा कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत असते. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. १६व्या शतकातले इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी यांच्यावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. एरवी ती मिटलेली असते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूजवळचा एक स्नायू तिला क्षणभर उघडतो, आणि आतबाहेरचा दाब सारखा होतो.

चढताना आतली हवा फुगून स्वतःच वाट काढते. उतरताना उलट घडतं. बाहेरचा दाब वाढत जातो आणि नळीचं घशाकडचं मऊ तोंड आणखी घट्ट मिटवतो. पडदा आत ओढला जातो. दाबातला फरक सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका (हे दाब मोजायचं माप) झाला की स्नायूलाही नळी उघडणं जमत नाही. ८ हजार फुटांवरून समुद्रसपाटीपर्यंत येताना दाब एकूण जवळजवळ २०० मिलिमीटरने वाढतो, तेव्हा ही वेळ यायला फार उशीर लागत नाही. त्यात तान्ह्या बाळाची नळी मोठ्यांच्या नळीच्या निम्म्या लांबीची आणि जवळपास आडवी असते, तिचा स्नायूही कमी ताकदीचा. झोपेत तर गिळणंच मंदावतं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एकच आहे: दूध विमान उतरण्याच्या वेळेसाठी राखून ठेवा. बहुतेक आईवडील विमान सुटतानाच बाळाला पोटभर पाजतात. ते झोपतं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि खरी गरज असते तेव्हा बाळ पोट भरून गाढ झोपलेलं असतं. विमान उतरू लागल्याची सूचना झाली की बाळाला हळूच जागं करा, डोकं थोडं उंच धरून पाजायला घ्या. चाकं बाहेर येईपर्यंत थांबू नका. अंगावरचं दूध, बाटली, चोखणी, काहीही चालेल. बाळाने गिळत राहायला हवं. जरा मोठ्या मुलाला घोट घोट पाणी द्या. पूर्वी विमानात चघळायच्या गोड गोळ्यांचा ट्रे फिरायचा, तोही याचसाठी. पण लहान मुलांना कडक गोळ्या देऊ नका, घशात अडकतात. कानात कापूस घालायची आपल्याकडची पद्धत दाबापुढे निरुपयोगी आहे, कारण हवा कापसातून आरपार जाते.

नळीची सिपर बाटली जमिनीवर घट्ट बंद केलेली असेल तर वर गेल्यावर पाण्याची चिळकांडी उडते. आधी झाकण सैल करून हवा सोडावी. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्याही खाली. त्यामुळे नाक सुकतं. मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब हातपिशवीत असू द्या.

सर्दीने नाक चोंदलं असेल किंवा कान फुटला असेल, तर तिकीट कितीही महाग असो, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि मूल झोपावं म्हणून स्वतःच्या मनाने सर्दी-खोकल्याचं औषध पाजणं मला अजिबात मान्य नाही. काही मुलं त्याने उलट जास्तच बेचैन होतात, आणि गुंगीतलं मूल गिळणार कसं? उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशीही मूल कान ओढत असेल किंवा कानातून पाणी, रक्त येत असेल, तर मात्र कानाच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं.

एवढं करूनही बाळ रडलं तर ओशाळू नका. रडता रडता ते मधेच आवंढे गिळतं, आणि त्यातल्याच एखाद्या आवंढ्याने ती इवलीशी नळी उघडते.