बुजवलेले बंकर: सार्वजनिक गोल्फ कोर्सच्या आखणीची पार्श्वभूमी

सार्वजनिक कोर्सच्या डागडुजीचा विषय निघाला की पहिली कुऱ्हाड बंकरवर, म्हणजे मुद्दाम ठेवलेल्या वाळूच्या खड्ड्यांवर पडते. वाळू महाग, रेक मारायला, म्हणजे वाळू सारखी करायला, माणसं लागतात, खेळ रेंगाळतो. तक्रारी खऱ्या आहेत, पण कोणता बंकर जावा हे ठरवताना होलची, म्हणजे टीपासून (पहिला फटका मारायची जागा) ग्रीनपर्यंतच्या (भोक असलेली हिरवळ) पट्ट्याची आखणी सहसा कोणी पाहत नाही.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स एकहाती कोणी आखलेला नाही. 1764 मध्ये तिथली फेरी 22 होल्सवरून 18 वर आली, ही गोष्ट सगळे सांगतात. आखणीच्या दृष्टीने मोठा बदल एकोणिसाव्या शतकातला: काटेरी झुडपं मागे हटवून खेळाचा पट्टा रुंद केला गेला. अरुंद पट्ट्यात बंकर आला की ओलांडायचा, दुसरा इलाज नव्हता. रुंदीमुळे वळसा घालायची सोय झाली, आणि वळशाची किंमत पुढच्या शॉटला मोजावी लागू लागली. ‘स्ट्रॅटेजी’ म्हणतात ती एवढीच.

तरीही शतकाअखेरच्या नव्या कोर्सवर फेअरवेत (टी आणि ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) आडवे बांध घालायची टूम होती. जमिनीलगत फरपटलेला शॉट अडकलाच पाहिजे, हा हिशेब. 1898 च्या सुमारास रबरी गाभ्याचा चेंडू आला, लांब जाऊ लागला आणि ते बांध चुकीच्या अंतरावर उरले. 1911 मध्ये अमेरिकेत पार, म्हणजे एका होलसाठी अपेक्षित फटक्यांचा आकडा, यार्डांवर बांधला गेला: 225 पर्यंत तीन, 425 पर्यंत चार, 600 पर्यंत पाच. होलची रुंदी, उतार, ग्रीनचं तोंड कुठे उघडतं, यातलं काही त्या आकड्यात येत नाही. आजही कोर्सची ओळख पारनेच करून देतात, हे मला विचित्रच वाटतं.

महामंदीत अमेरिकेत बेकारांना काम म्हणून बरेच सार्वजनिक कोर्स बांधले गेले. त्यातला न्यूयॉर्क राज्यातल्या बेथपेजचा ब्लॅक कोर्स 1936 चा. पहिल्या टीजवळची पाटी तो फक्त निष्णात खेळाडूंसाठी असल्याचं बजावते. 2002 मध्ये तिथे गोल्फची यूएस ओपन स्पर्धा झाली आणि सार्वजनिक कोर्सची प्रतिष्ठा म्हणजे त्याची अवघडाई, हा समज घट्ट झाला. उलट उदाहरण कमी आठवलं जातं: अमेरिकेतल्याच ऑगस्टाचा नामांकित खासगी कोर्स 1933 मध्ये सुरू झाला तेव्हा त्यावर जेमतेम 22 बंकर होते.

म्हणजे बंकर कमी असणं हा दोष नाही, नुसती मोजणी हा दोष आहे. 380 यार्डांचा एक होल घ्या. ग्रीनपुढे डाव्या हाताला बंकर, उजवीकडून तोंड मोकळं. टीपासून 210 यार्डांवर फेअरवेच्या उजव्या कडेला दुसरा बंकर. त्याला खेटून ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) ठेवला तर पुढचा शॉट सरळ. डावीकडे जपून खेळलात तर ग्रीनपुढचा बंकर ओलांडावा लागतो. आता उजवा बुजवा. सगळे डोळे मिटून उजवीकडून जातील आणि डाव्या बंकरचं काम संपेल. खर्च एका बंकरचा वाचतो, निकामी दोन्ही होतात.

120 यार्डांवरचा, टीच्या थेट समोरचा बंकर मात्र खुशाल बुजवावा. चांगल्या खेळाडूला तो दिसतही नाही; अडकतो तो नवशिका, आणि मागचे चौघे टीवर ताटकळतात. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटं होतं: 210 वाल्याबद्दल तक्रार करणारे जास्त बोलके असतात.

गेल्या काही दशकांत ग्रीनभोवती बंकरऐवजी बारीक कापलेल्या गवताचे उतार ठेवायची पद्धत रुळली आहे. रेक मारायला नको, गवत कापायला यंत्र पुरतं. नवशिका तिथून सरळ पटरने (चेंडू जमिनीवरून लोटायची काठी) चेंडू लोटतो. मुरलेला खेळाडू पटर काढतो, परत ठेवतो, वेज (चेंडू उंच उचलणारी काठी) काढतो, आणि पुन्हा बॅगेकडे बघत उभा राहतो.